कागदाचा शेजार : एका इतिहासाच्या प्राध्यापकाच्या दप्तराची हकिगत

या प्रकरणातल्या गावाचे, कॉलेजचे आणि घराण्यांचे नाव लिहिलेले नाही. सरांच्या घरच्यांनी मजकूर वाचला आहे. तुमच्या चुकाही लिहा, असे काकूंनीच, म्हणजे सरांच्या पत्नीनेच, सांगितले. मी सरांचा विद्यार्थी, आता दुसऱ्या गावी ग्रंथपाल आहे. जे घडले त्यात माझा हात होता, चुकांतही होता.

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्याचा पूर्वेकडचा माण-खटावचा भाग कमी पावसाचा. इथली माणसे पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत गेली, गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, कामासाठी देशभर पांगली. वाडे ओस पडले आणि माळ्यावरची दप्तरे तिथेच राहिली. सर १९७९ साली इथल्या कॉलेजात इतिहास शिकवायला आले आणि २०१३ साली निवृत्त झाले. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.ए. झाले होते, पण मोडी त्यांना येत नव्हती. ती ते तालुक्यातल्या एका वृद्ध निवृत्त कारकुनाकडे वर्षभर रोज संध्याकाळी जाऊन शिकले. मग रविवार आला की लुना काढायची आणि एक गाव गाठायचे. असे चौतीस वर्षे चालले.

गावोगावच्या घरांत एवढे कागद का सापडतात, हे सर वर्गात फार छान सांगत. १८४८ साली सातारचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले आणि इनाम आपलेच आहे हे सिद्ध करायला प्रत्येक घराण्याला सनदा, महजर, ताळेबंद शोधून काढावे लागले. ज्याच्याकडे कागद होता त्याची जमीन राहिली. तेव्हापासून कागद म्हणजे जमीन, तो परक्याच्या हाती द्यायचा नाही, ही धास्ती घराघरांत मुरली. पुढे गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जळितात या पट्ट्यातली कितीतरी घरे आणि त्यांच्यासोबत दप्तरे राख झाली. १९५१ साली कुलकर्णी वतने गेली आणि उरलेल्या कागदांचा व्यवहारातला उपयोगही संपला. कुणी ते बंबात घातले, कुणी पेटाऱ्यात ठेवले. पेटाऱ्यातल्यांपैकी काही सरांपर्यंत पोहोचले.

ते पोहोचले ते विश्वासावर. पावती नाही, करार नाही. ‘सर, तुमच्याकडेच असू दे, आमच्याकडे वाळवी खाईल,’ असे म्हणून लोक रुमाल द्यायचे. रुमाल म्हणजे फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा. जुन्या दप्तरांत मोजदादच रुमालांनी होते. सरांकडे असे साठाच्या आसपास रुमाल जमले होते. त्याशिवाय सुटे कागद, चाळीसेक वह्या, आणि १९८६ ते १९९४ या काळात प्रतिसरकारातल्या जुन्या कार्यकर्त्यांशी बोलून भरलेल्या शंभरावर कॅसेट.

नोकरीत या कामाची किंमत झाली नाही. २०१० नंतर प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांक मोजायला लागले. दिवाळी अंकातला आणि जिल्ह्याच्या साप्ताहिकातला लेख त्या तक्त्यात कुठे बसेना. एका गावाच्या पाटिलकीचा तंटा उलगडायला सरांना चार वर्षे लागली होती, त्याचे गुण शून्य. त्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. मला मात्र त्याचा आजही राग आहे.

अडचण

ऑगस्ट २०२३ मध्ये सरांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजत सगळे होते. वर्तमानपत्र पुढे धरले तर डोळे ओळीवरून फिरत. पण शब्द बाहेर येत नव्हता आणि लिहिता हात उरला नव्हता.

दप्तर गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत होते. उन्हाळ्यात तिथे भट्टी पेटायची आणि पावसात एक कोपरा गळायचा. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी कराडला शिक्षिका. दोघांनाही आईवडिलांना पुण्याला न्यायचे होते आणि घर भाड्याने द्यायचे होते. त्यांच्या जागी कुणीही तेच केले असते.

त्याच सुमारास, सप्टेंबर २०२३ मध्ये, कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली आणि मोडी वाचणाऱ्याला एकाएकी मान आला. सरांच्या दारात रोज माणसे यायला लागली. हातात आजोबांच्या नावाची चिठ्ठी असे आणि डोळ्यांत मुलांच्या प्रवेशाची काळजी. सर खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत राहायचे. चार महिने आधी ते या लोकांशी तासन्‌तास बोलले असते.

तिसरी गोष्ट आम्हाला उशिरा कळली. सरांच्या वह्यांत हजारो कागदांची बालबोध नक्कल होती, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर ‘३/१७’, ‘११/४’ असे आकडे होते. पहिला आकडा रुमालाचा असणार, असे आम्ही धरून चाललो. पण तो कुठल्याही रुमालाशी जुळेना. त्याची किल्ली फक्त सरांच्या डोक्यात होती.

समोरचे पर्याय

पुण्याच्या एखाद्या मोठ्या संस्थेला सगळे देऊन टाकावे, हा पहिला विचार. कागद सुरक्षित राहिले असते आणि अभ्यासकांना सापडले असते. पण ज्या घरांनी ते दिले त्यांना आपल्या पणजोबांची सही बघायला पुणे गाठावे लागले असते. शिवाय देणगी द्यायची तर मालक कोण, हा प्रश्न होताच. सर मालक नव्हते, सांभाळणारे होते.

कॉलेजला द्यावे, असे काही जुन्या सहकाऱ्यांचे म्हणणे. मी विरोध केला. सरांनी पूर्वी दिलेल्या पुस्तकांचे कपाट जिन्याखाली गेले होते आणि त्यातली अर्धी पुस्तके वाळवीने खाल्ली होती. नवे प्राचार्य मनापासून बोलत होते, पण ते दोन वर्षांत निवृत्त होणार होते. माणूस चांगला आहे म्हणून दप्तर देता येत नाही, त्याच्यानंतर कोण हे विचारावे लागते.

एक व्यापारीही येऊन गेला. निवडक सनदा, शिक्के असलेले कागद तेवढे वेगळे द्या, बाकी राहू द्या, म्हणाला. घरी दवाखान्याचा खर्च चालू होता, तरी मुलाने त्याला चहा देऊन परत पाठवले. पंचाहत्तर वर्षांहून जुनी ऐतिहासिक कागदपत्रे १९७२ च्या कायद्याने पुरावशेषांत मोडतात आणि परवान्याशिवाय त्यांचा धंदा करता येत नाही, हे आम्हाला ठाऊक होते. पण मुलगा कायद्यामुळे थांबला नव्हता. ‘बाबांनी ज्यांच्याकडून आणले त्यांना काय सांगू?’ एवढेच तो म्हणाला.

शेवटी ठरले ते असे : आधी यादी आणि स्कॅनिंग, मग ज्या घरांचा पत्ता लागेल त्यांना विचारणा, आणि उरलेले जिल्ह्यातल्याच एखाद्या संस्थेत देणगी म्हणून नव्हे तर ठेव म्हणून. क्रम बरोबर होता. तो अमलात आणताना आम्ही घाई केली.

दिवाळीच्या सुटीतली चूक

२०२३ च्या दिवाळीत सरांचे दहा-बारा विद्यार्थी तीन दिवस राहायला आले. काही शिक्षक, एक वकील, दोघे एम.ए. करणारे. उत्साह मोठा होता. खाली सोप्यात सतरंज्या अंथरल्या, रुमाल सोडले आणि कागद साल लावून मांडायला घेतले. ज्याला तारीख आहे तो त्या सालाच्या ढिगात, तारीख नाही तो ‘बिनतारखी’ ढिगात. जुनी विटकी फडकी काढून कोपऱ्यात टाकली आणि प्रत्येक ढिगासाठी नवे लाल कापड आणले. मी ग्रंथपाल. वर्गीकरण करणे हा माझा धंदा. ही कल्पना माझीच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांना चाकाच्या खुर्चीतून सोप्यात आणले. त्यांनी ढीग पाहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागले. आम्हाला वाटले, आनंद झाला. कुणीतरी फोटोही काढला. मग ते डाव्या हाताने खुर्चीच्या दांडीवर मारायला लागले. जोरात, पुन्हा पुन्हा. काकू धावत आल्या, त्यांच्या तोंडाकडे बघितले आणि म्हणाल्या, ‘थांबा रे सगळे. काहीतरी चुकतंय.’

काय चुकले हे मला त्या रात्री उमगले, आणि तेही सरांचेच एक जुने वाक्य आठवले म्हणून. ते म्हणायचे, ‘कागदाला शेजार असतो. शेजार मोडला की कागद मुका होतो.’ रुमालात कागद ज्या क्रमाने येतात तो क्रम ते बांधणाऱ्या कारकुनाचा असतो. तंट्याचा अर्ज, त्यावरची साक्ष, मग निवाडा, मग हरकी (तंटा जिंकणाऱ्याने सरकारात भरायची रक्कम) भरल्याची पावती, असे ते एकमेकांना लागून असतात. एखाद्या चिठ्ठीवर तारीख नसली तरी वरच्या-खालच्या कागदावरून तिचा काळ कळतो. आम्ही नऊ रुमालांचा शेजार दीड दिवसात मोडला होता.

नुकसान किती, हे एका चिठ्ठीवरून सांगतो. वीतभर कागद. त्यावर एका वाडीतल्या तेवीस कुळांची नावे, प्रत्येकापुढे दिलेल्या जोंधळ्याच्या पायल्या, आणि सात नावांपुढे ‘परागंदा’. साल नाही. नऊपैकी दोन रुमालांत दुष्काळाचे कागद होते. एकात ‘इसन्ने तिसैन मया व अलफ’, म्हणजे शुहूर सन ११९२, इसवी १७९१-९२ चे. दुसऱ्यात ‘आर्बा मयातैन व अलफ’, म्हणजे १२०४, इसवी १८०३-०४ चे. पहिल्या वेळी पाऊस नव्हता. दुसऱ्या वेळी दुष्काळाच्या जोडीला होळकर-शिंद्यांच्या लढायांनी मुलूख धुऊन निघाला होता. ती सात घरे पावसाने गेली की फौजांनी, हे त्या चिठ्ठीच्या शेजाऱ्यांनी सांगितले असते. चिठ्ठी आमच्या ‘बिनतारखी’ ढिगात होती. ती कुठल्या रुमालातून आली, हे कुणालाच आठवेना.

जोडाजोड

उरलेले रुमाल बांधलेलेच ठेवले आणि फुटलेल्या नऊंकडे वळलो. यात तीन गोष्टी उपयोगी पडल्या आणि तिन्ही आधी डोक्यात आल्या नव्हत्या.

एका मुलाने स्टेटसला ठेवायला म्हणून रुमाल सोडतानाचे मोबाइलवर चित्रण केले होते. त्यातून तीन रुमालांचा वरचा भाग तरी लावता आला. दुसरी खूण कसरीची. किडा कागद खातो तो एकेक पान बघून खात नाही, गठ्ठ्यातून आरपार जातो. भोकावर भोक बसले की ते दोन कागद एकमेकांना लागून होते. पाण्याच्या डागांचेही तसेच, डागाची कडा पानागणिक थोडी थोडी आत सरकते. सरांच्या मुलीने शाळेची नाताळची सुटी या कामात घालवली. भोके जुळवत तिने दोन रुमाल पुरते उभे केले.

तिसरी गोष्ट काकूंची. साडेतीन महिने आम्ही त्यांच्या हातचा चहा पीत होतो आणि एकदाही त्यांना काही विचारले नव्हते. एके दिवशी त्यांनी कोपऱ्यातून उचलून नीट घड्या घालून ठेवलेली ती जुनी फडकी आणून माझ्यापुढे ठेवली. सर सुटे कागद घेऊन आले की रुमालासाठी कापड काकूच द्यायच्या, जुन्या सुती लुगड्याचे, धोतराचे, मुलांच्या झबल्याचे. ‘हे माझ्या सासूबाईंचं लुगडं. त्या गेल्या त्याच वर्षीचं. तेव्हा हे नदीपलीकडच्या गावांना जात होते.’ कुठले फडके कुठल्या साली फाटले हे त्यांना पक्के आठवत होते. आणि वह्यांवरचा तो पहिला आकडा? ‘फेरीचा असेल. पेट्रोलचा हिशेब मीच लिहायचे.’ घरखर्चाच्या डायऱ्या निघाल्या. त्यांत सरांच्या प्रत्येक दौऱ्याला क्रमांक, गाव आणि पेट्रोलचे पैसे लिहिलेले होते. ३/१७ म्हणजे तिसऱ्या फेरीत मिळालेला सतरावा कागद. किल्ली घरातच होती.

मग सरांसमोर तालुक्याचा मोठा नकाशा लावला. एकेक कागद दाखवायचा, सर डाव्या हाताचे बोट गावावर ठेवायचे, काकू डायरीशी ताडून बघायच्या. दिवसाला दहा-बारा कागद व्हायचे, त्यापुढे सर थकायचे. हिवाळाभर हे चालले. कधी कधी सरांचे बोट दोन गावांमध्ये घुटमळायचे. तेव्हा आम्ही तसेच लिहून ठेवत होतो.

दारातली माणसे

कुणबी नोंदींसाठी येणाऱ्यांचे काय करायचे, हा निर्णय रोजचा होता. हव्या त्या नोंदी मुख्यतः सरकारी दप्तरात, म्हणजे गाव नमुना १४, कोतवाल बुक, पाहणीपत्रके, कुळनोंदी यांत सापडतात. सरांचे कागद बहुतेक पेशवाईतल्या खाजगी घराण्यांचे, त्यांत त्या निघण्याची शक्यता फार थोडी. हे आम्ही सांगायचो, पण लोकांना ते पटत नव्हते. ‘तुम्ही लपवताय’ असे एक जण तोंडावर म्हणाला. मुलाच्या मनात दार बंदच करावे असे आले.

काकूंचे मत वेगळे पडले. ‘आजवर या घरातून कुणी कागद न बघता गेलं नाही.’ म्हणून रविवारी सकाळी तीन तास दार उघडे ठेवायचे ठरले. मोडी येणाऱ्या दोघांनी बसायचे, ज्याच्या गावचा रुमाल आहे त्याला तो समोर वाचून दाखवायचा, आणि तहसीलला कुठल्या नोंदी मागायच्या ते कागदावर लिहून द्यायचे. प्रमाणपत्र, दाखला, शिक्का काही द्यायचा नाही. लोकांचा संशय तीन-चार रविवारांत मावळला. एका आजोबांना आपल्या गावच्या विहिरीच्या भांडणाचा महजर ऐकायला मिळाला. नोंद मिळाली नाही, पण ते दुसऱ्या रविवारी नातवाला घेऊन पुन्हा आले. हा निर्णय आम्ही दोन महिने आधी घ्यायला हवा होता.

कॅसेटचा प्रश्न

कॅसेटबाबत मला अजून खात्री नाही. १९४२ नंतर या भागात प्रतिसरकारने दरोडेखोरांना आणि इंग्रजांना खबर देणाऱ्यांना शिक्षा केल्या. त्याबद्दल दोन-तीन कॅसेटमध्ये बोलणाऱ्यांनी खबऱ्यांची नावे घेतली आहेत. त्यांचे नातू आज त्याच गावात दुकान चालवतात, शेती करतात. सगळे खुले करावे, इतिहास आहे, असे वकिलाचे म्हणणे. एका बाजूचे ऐकून कुणाच्या आजोबाला खबऱ्या ठरवणे बरोबर नाही, तो माणूस उत्तर द्यायला हयात नाही, असे मुलीचे.

आम्ही सरांना विचारले. वह्यांत त्या मुलाखती उतरवताना सरांनी ती नावे स्वतःच गाळून फक्त ‘अमुक’ लिहिलेले सापडले. त्यावरून ठरवले : बोलणाऱ्याच्या घरच्यांना त्यांच्या माणसाचा आवाज पूर्ण द्यायचा, संस्थेत सगळ्या कॅसेटच्या प्रती ठेवायच्या, पण या दोन-तीन पंचवीस वर्षे बंद. सरांनी मान हलवली. ती होकाराची होती असे आम्ही धरले.

निष्पत्ती

२०२४ च्या पावसाळ्याआधी दप्तर जिल्ह्यातल्या एका संस्थेत ठेव म्हणून गेले. करारात दोन अटी आहेत. रुमालांचा क्रम बदलायचा नाही, आणि मूळ घराण्याने मागितले तर स्कॅन ठेवून कागद परत द्यायचा. ज्या घरांचा पत्ता लागला त्या सगळ्यांना मुलाने पत्रे लिहिली. तिघांनी रुमाल परत नेले. त्यातल्या एकाने पुढे विकला, असे कानावर आले, पण तो त्यांचा होता. तामिळनाडूत गलाईचा व्यवसाय करणाऱ्या एका कुटुंबाने उलट माळ्यावरचा आणखी एक पेटारा उघडून दिला. तो आम्ही आहे तसा, फोटो काढून, पुन्हा बांधला.

नऊ फुटक्या रुमालांपैकी पाच उभे राहिले. दोन अर्धवट आहेत. दोनांचे कागद आहेत, क्रम नाही. सर आणि काकू आता पुण्यात असतात. सरांना चार-सहा शब्द बोलता येतात.

पुन्हा करायचे झाले तर

सरांनी कागद घेतानाच एक ओळीची पावती दिली असती तर अर्ध्या घरांचा शोध वाचला असता. निवृत्तीनंतर दहा वर्षे ते धडधाकट होते. आम्ही विद्यार्थी दर वर्षी गुरुपौर्णिमेला शाल घेऊन जात होतो आणि कुणीही वही उघडून ‘हा आकडा कसला?’ असे विचारले नाही. मोबाइलवर अर्धा तास बोलते केले असते तरी पुरले असते. रुमाल सोडायच्या आधी प्रत्येक थराचा फोटो, आणि घरात जो कुणी त्या काळात होता त्याच्याशी बोलणे, ही दोन कामे मी आता पहिल्या दिवशी करतो. जुने फडके फेकत नाही, त्यावर चिठ्ठी लावतो.

जोंधळ्याची ती चिठ्ठी संस्थेत वेगळ्या पाकिटात आहे. पाकिटावर काकूंच्या अक्षरात लिहिले आहे : ‘रुमाल नक्की नाही. ह्यांनी दोन गावांवर बोट ठेवले.’